सहिष्णुतेचा अभिमान आणि शनिवार तेली

घाट उतरून आलेली व मुंबईकडून आलेली वाहने शिळफाट्यावर एकमेकांत अडकून पडली, पोलिसाच्या शिट्टीस कोणी जुमानेनासे झाले आणि चहाच्या दुकानात बसलेल्या मंडळींचा अर्धा तास फुकट गेला, की त्या मंडळींतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे!’ हे वाक्य बोलणारा गृहस्थ दुष्ट असतो असे मुळीच नाही. तो बहुधा पापभीरू, कुटुंबवत्सल, आठवड्याचा एक वार पाळणारा व गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा असतो. गटार तुंबले, गाडी उशिरा आली किंवा कचेरीतील कारकुनाने तिसरा हेलपाटा घालावयास लावला, की त्याच्या तोंडी हे नाव येते आणि ऐकणारे माना डोलावतात. आम्हीही हे वाक्य पुष्कळ वर्षे ऐकत आलो आणि, कबूल करावयास हरकत नाही, पुष्कळ वेळा गप्प बसलो. आज त्याचा हिशेब मांडणे आम्हांस अवश्य वाटते. कारण ज्या धर्माच्या लोकांचा त्या पुरुषाने संहार केला, त्याच धर्माचे लोक याच रायगड जिल्ह्यात, या फाट्यापासून दहाएक कोसांवर, आमचीच मराठी बोलत शतकानुशतके नांदले आहेत. ही गोष्ट बोलणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. ठाऊक असली तर त्या क्षणी आठवत नाही.

‘हिटलरने केले काय? शिस्त लावली,’ असे म्हणणाऱ्यांनी त्या शिस्तीचा आरंभ कोठून झाला ते पाहावे. १९३३ च्या जानेवारीअखेर तो जर्मनीचा मुख्य प्रधान झाला, आणि दोन महिने झाले न झाले तोच, १ एप्रिल १९३३ रोजी, त्याच्या पक्षाचे गणवेशधारी लोक शहरोशहरी यहुद्यांच्या दुकानांपुढे उभे राहिले. काचांवर रंगाने खुणा केल्या गेल्या, आणि यहुद्याकडून माल घेऊ नका, अशा पाट्या लावल्या गेल्या. पुढे झालेल्या सर्व अनर्थाची ही पहिली पायरी होती. तेव्हा तलवार उपसली गेली नव्हती. केवळ दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक माणूस उभा करण्यात आला होता. आमच्या व्यापारी वाचकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. त्याच आठवड्यात यहुद्यांस सरकारी नोकरीतून काढणारा कायदा झाला, आणि कित्येक यहुदी वकिलांच्या सनदाही गेल्या.

१९३५ च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्ग येथे जे कायदे झाले, त्यांनी यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेतले व जर्मनांशी त्यांचा विवाह हा गुन्हा ठरविला. यहुदी कोण, हे ठरविण्यास सरकारने माणसाचे आचरण पाहिले नाही, त्याची श्रद्धाही पाहिली नाही. त्याच्या चार आजी-आजोबांपैकी किती यहुदी होते हे मोजले. ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम निघाला की, ज्या यहुदी पुरुषाच्या नावावरून त्याचा धर्म ओळखता येत नसेल त्याने आपल्या नावास ‘इस्राएल’ व स्त्रीने ‘सारा’ हे नाव जोडावे. त्याच सालच्या ९ व १० नोव्हेंबरच्या दंग्यांत शेकडो प्रार्थनामंदिरे जळाली, सात हजारांवर दुकाने फोडली गेली व सुमारे तीस हजार पुरुषांस छावण्यांत डांबण्यात आले. आणि झालेल्या नुकसानीबद्दल सरकारने यहुद्यांवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवून विम्याची रक्कमही सरकारजमा केली! चोराने घर फोडावे व न्यायाधीशाने घरधन्यास दंड करावा, असा हा न्याय. त्या आधी जुलै महिन्यात एव्हियां येथे बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी या निर्वासितांचा विचार करावयास जमले होते. सहानुभूतीची भाषणे पुष्कळ झाली, पण एखादा अपवाद सोडता दार कोणीच उघडले नाही. पुढे महायुद्धाच्या आड साठ लाख यहुदी मारले गेले. त्यांत लहान मुलेच दहा लाखांवर होती. ही ती शिस्त!

आता वाचकांनी ‘इस्राएल’ या शब्दाकडे पाहावे. जो शब्द जर्मन सरकारने कलंक म्हणून माणसांच्या नावांस चिकटविला, तोच शब्द अलिबागेत एका आळीचे नाव आहे. इस्राएल आळीतून रोज माणसे भाजी घेऊन जातात, मुले शाळेत जातात, आणि त्या नावात कोणास काही गैर वाटत नाही. त्या आळीतील सिनेगॉग १८४८ साली बांधले गेले व १९१० साली नव्याने उभारले गेले. पनवेलचे सिनेगॉग १८४९ चे, पेणचे १८६३ चे. शिळफाट्यावरून एका दिशेस पनवेल, दुसऱ्या दिशेस पेण. आमच्या व्यापाऱ्यांची मिठाची, तांदळाची व गणपतीच्या मूर्तींची नित्याची ये-जा या दोन्ही गावांशी. परंतु तेथील या वास्तू किती जणांनी पाहिल्या आहेत?

हे लोक स्वतःस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संताने, म्हणवितात. त्यांची परंपरा अशी की, परदेशातील छळास कंटाळून समुद्रमार्गे निघालेल्या त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांस तेथेच माती देण्यात आली. हे किती शतकांपूर्वी घडले याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या संशोधनात या समाजाच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांच्या खुणा आढळल्या आहेत. ग्रंथ बुडाले, भाषा गेली, तरी या लोकांनी शनिवारचा विसावा, मुलांची सुंता व ‘शेमा’ ही एक प्रार्थना एवढे जतन केले. खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम कोकणात राहूनही मोडला नाही. तेल गाळण्याचा धंदा ते करीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांस ‘शनिवार तेली’ म्हटले. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर झाले. त्यांच्या बायका लुगडे नेसल्या व गळ्यात मंगळसूत्र घालू लागल्या. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू व मराठी या दोन भाषांत छापली गेली, ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. आणि तिच्यातील चित्रांत सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास त्यांनी कीर्तनासाठी मंडळ काढले व मोशे, अब्राहाम यांची आख्याने आपल्या मराठी चालींवर लावली.

या समाजाने महाराष्ट्रास काय दिले, हे सांगण्यास फार शोध करावा लागत नाही. हैम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली व समाजाचा इतिहास लिहिला. लोकमान्यांवरील राजद्रोहाच्या खटल्यात त्यांची बाजू सांभाळणाऱ्यांत बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर होते. त्यांचे बंधू डॉ. अब्राहाम एरुळकर यांनी महात्माजींच्या प्रकृतीकडे वैद्य या नात्याने लक्ष पुरविले. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली व १९६६ साली पद्मश्रीचा मान मिळविला. ज्या सुमारास बर्लिनमध्ये यहुद्यास बागेतील बाकावर बसणेही दुष्कर झाले होते, त्या सुमारास, १९३७-३८ साली, मुंबईच्या महापौरपदी डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ विराजमान होते.

एवढे वाचून आमच्यातील पुष्कळांची छाती अभिमानाने फुगेल. ‘पाहा, साऱ्या जगाने ज्यांस हाकलले त्यांस आम्ही आश्रय दिला!’ असे भाषण आम्ही अनेक सभांत ऐकले आहे, आणि स्वतःही केले आहे. यात सत्य आहे. इंग्लंडने १२९० साली यहुद्यांस देशाबाहेर घालविले, स्पेनने १४९२ साली घालविले. युरोपात प्लेगची साथ आली तेव्हा विहिरींत विष घातल्याचा आरोप ठेवून त्यांस जिवंत जाळले. रशियात १८८१ नंतर त्यांच्या वस्त्यांवर वारंवार हल्ले झाले. कोकणात त्यांच्या शेजाऱ्यांनी असे कधी केले नाही. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल नव्या इस्राएल राष्ट्रात गेले ते धर्माच्या ओढीने व उत्कर्षाच्या आशेने. येथल्या भीतीने नव्हे. तेथे गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. छळ सोसून गेलेला मनुष्य छळणाऱ्याची भाषा नातवंडांसाठी जपून ठेवीत नाही.

तथापि हे सत्य संपूर्ण नाही. या पश्चिम किनाऱ्यावरच गोव्यात १५६० साली पोर्तुगीजांनी धर्मन्यायासन स्थापिले. अहमदनगरच्या निजामशहाचा वैद्य व हिंदुस्थानातील औषधींवर १५६३ साली गोव्यात ग्रंथ प्रसिद्ध करणारा गार्सिया द ओर्ता हा जन्माने स्पेनमधून घालविलेल्या यहुदी आईबापांचा मुलगा. तो १५६८ साली मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीस यहुदी आचार गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. धर्मांतरित हिंदूंच्या घरांतील जुन्या चालीरीतींवरही याच न्यायासनाची नजर होती. एकासाठी पेटविलेले सरण दुसऱ्यासही पुरते, हे गोमंतकाने अनुभविले आहे. आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर बाहेरून चालून आलेल्या मारेकऱ्यांनी नरिमन हाऊस शोधून काढले, ते तेथे यहुदी आहेत एवढ्याचसाठी. तेथील बालकास एका भारतीय दाईने छातीशी धरून बाहेर काढले, ही या शहराची अब्रू.

परंतु आमचा खरा आक्षेप याहून घरचा आहे. आम्ही त्यांस छळले नाही. पण ओळखले तरी कितपत? आमच्या गावात प्रत्येक जातीस एक कप्पा होता. नवा आलेला मनुष्य त्या कप्प्यांपैकी एकात बसला, कोणाच्या पंक्तीस आला नाही व कोणाची मुलगी मागितली नाही, म्हणजे गाव त्यास सुखाने राहू देई. हे औदार्य काही थोडे नव्हे. पण ही समता नव्हे. आम्ही त्यांस आमच्यात घेतले, त्याबरोबर आमचा रोगही त्यांस दिला. बेने इस्राएलांतही ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भाग पडले. ज्यांच्या पूर्वजांत परधर्मीय आई असल्याचा संशय ते काळे, आणि त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नाही. हा धडा त्यांनी तोरातून घेतला नव्हता. तो आमच्या ओसरीवर गिरविला.

आणि जो माप घालतो त्यासच पुढे त्या मापाने मोजले जाते. एकोणिसाव्या शतकात बगदादकडून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईत स्थिरावले, आणि १८३६ साली त्यांच्यापैकी काहींनी दफनभूमीत आपली थडगी व बेने इस्राएलांची थडगी यांत भिंत घालावी, अशी मागणी केली. रंगून येथे तर सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्राएलांस मताचा अधिकार आहे की नाही हा वाद हायकोर्टात गेला, आणि १९३५ साली कोर्टाने निकाल दिला की, आहे. ज्या वर्षी न्यूरेंबर्गचा कायदा माणसास ‘तू यहुदी आहेस, म्हणून तुला मत नाही’ असे सांगत होता, त्याच वर्षी रंगूनला काही माणसांस आपण यहुदीच आहो हे सिद्ध करून मत मिळवावे लागत होते! पुढे इस्राएलातही तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनी १९६१ नंतर बेने इस्राएलांच्या लग्नापूर्वी आई, आजी, पणजी अशी पिढ्यांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. आमच्या या कोकणी मंडळींनी तेथे सत्याग्रहाच्या मार्गाने दाद मागितली, आणि १९६४ च्या ऑगस्टात तेथील लोकसभेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केल्यावर हे प्रकरण मिटले.

वकिली करणाऱ्यास पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न पहिला सुचतो. वरील प्रत्येक प्रकरणात एकच अन्याय आहे : माणसाने काय केले याचा पुरावा मागितला नाही, त्याची आजी कोण होती याचा मागितला, आणि तो भार त्याच्याच शिरावर टाकला. रक्ताचा दाखला मागण्याची ही सवय जेथे आहे, तेथे हिटलर परका नाही. त्यास केवळ छापखाना, पोलीस व आगगाडी मिळावयाची राहिली आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला राष्ट्रवादी मित्रांचा : हिटलर इंग्रजांचा शत्रू, म्हणून आमचा मित्र. शत्रूचा शत्रू तो मित्र या हिशेबाने त्या काळी आमच्यातील काही विचारी माणसांनीही जर्मनीच्या उत्कर्षाचे कौतुक केले होते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु ज्या पुस्तकाची मराठी भाषांतरे फुटपाथवर हातोहात खपतात, त्याच पुस्तकात हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे हिटलरने म्हटले आहे. आणि आमच्या स्वातंत्र्याच्या चळवळीची थट्टा केली आहे. आमच्या पारतंत्र्यास मान्यता देणाऱ्याची तसबीर राष्ट्रवादाच्या नावाने मिरविणे, यास भाबडेपणाही म्हणवत नाही. २००६ साली खारघरला हिटलरच्या नावाचे एक उपाहारगृह निघाले होते. यहुदी बांधवांनी निषेध केल्यावर ते नाव बदलावे लागले. आक्षेप घेण्याची वेळ त्या मूठभर समाजावर यावी, त्याच्या हजारो शेजाऱ्यांना तो सुचू नये, याची आम्हांस लाज वाटली.

दुसरा आक्षेप असा की, पॅलेस्टाइनच्या प्रश्नाचे काय? इस्राएल राष्ट्राच्या धोरणाची परीक्षा इतर कोणत्याही राष्ट्राच्या धोरणाप्रमाणे करावी, त्यात कोणाची भीड नको. महात्माजींनी १९३८ च्या नोव्हेंबरात ‘हरिजन’मध्ये जर्मनीतील यहुद्यांविषयी आपली कळकळ व्यक्त केली आणि त्याच लेखात पॅलेस्टाइनवरील अरबांचा हक्कही सांगितला, एकासाठी दुसरे टाकले नाही. आमच्या सरकारनेही १९४७ साली पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले, १९५० साली इस्राएलला मान्यता दिली व १९९२ साली पूर्ण संबंध जोडले. परंतु दूरच्या राष्ट्राच्या कृत्याचा जाब पेणच्या पेणकरास विचारणे, हे त्याच आजी मोजण्याच्या न्यायाचे दुसरे रूप आहे.

मग आम्ही काय करावे? या जिल्ह्यात तो प्रश्न पुस्तकी नाही. गावकीने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकावे, त्यास किराणा देऊ नये, त्याच्या दारी मयतासही जाऊ नये, अशा तक्रारी २०१४-१५ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातून इतक्या आल्या की सरकारास दखल घ्यावी लागली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायदा दुकानाच्या गल्ल्यावर बसत नाही. तेथे आमचा वाचक बसतो. उद्या गावकीच्या, जातीच्या किंवा धर्माच्या नावाने कोणी येऊन ‘अमक्याला माल देऊ नका’ किंवा ‘तमक्याकडून घेऊ नका’ असे सांगेल, तेव्हा १ एप्रिल १९३३ ची ती काच त्याच्या डोळ्यांपुढे यावी. त्या दिवशी जर्मनीत अनेक गिऱ्हाइके पहारेकऱ्यास न जुमानता आपल्या नेहमीच्या दुकानात शिरली होती. ती पुरेशी नव्हती, एवढाच इतिहास आहे.

शाळाचालकांस आमची सूचना आहे की, खोपोली, खालापूर व कर्जत येथील मुलांच्या सहली अलिबागेस जातात तेव्हा किल्ल्याबरोबर इस्राएल आळी व नवगावचे स्मारकही दाखवावे. २०११ च्या खानेसुमारीत साऱ्या महाराष्ट्रात यहुदी २,४६६ उरले होते. २०१६ साली राज्य सरकारने त्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. पण त्यांची प्रार्थनामंदिरे व दफनभूमी जतन करण्यास सरकारी दर्जापेक्षा शेजाऱ्याची नजर अधिक उपयोगी पडते.

शनिवारी घाणा बंद असे, तेव्हा त्या गावांनी तेल शुक्रवारीच भरून ठेवले असेल. त्यासाठी कोणी सभा भरविली नाही, कोणी तेल्याच्या आजीची चौकशी केली नाही. शेजारी एक दिवस विसावा घेतो, एवढे समजून व्यवहार त्याप्रमाणे लावून घेतला. आम्हांस अभिमान बाळगावयाचा असेल तर त्या शुक्रवारच्या खरेदीचा बाळगावा, आणि शिळफाट्यावर पुन्हा ते वाक्य ऐकू आले तर गप्प न बसता म्हणावे : चौकातील गाड्या सोडविण्यास पोलीस पुरे आहे, त्यासाठी हिटलर नको.